उतरणीचा हिशेब

इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावर चिंक्वे तेर्रे नावाने ओळखली जाणारी पाच गावं आहेत. त्यांतलं मधलं कोर्नीलिया. बाकीची चार समुद्राला टेकलेली, हे मात्र कड्याच्या माथ्यावर, पाण्यापासून सुमारे शंभर मीटर उंच. रेल्वे स्थानक खाली, गाव वर, आणि दोहोंना जोडणारा लार्दारीना नावाचा नागमोडी जिना: ३३ टप्पे, सुमारे ३८० पायऱ्या. स्थानकापासून गावात नेणारी छोटी बसही असते. ज्यांचे गुडघे कुरकुरतात अशी मंडळी इथे बहुधा एकच गोष्ट ठरवतात. जाताना बस, येताना जिना. चढायचं तेवढं टाळू, उतरायला काय लागतं!

हे ठरवणं मला उलटं वाटतं. छातीचा, हृदयाचा त्रास नसेल तर गुडघेदुखी असलेल्या माणसाने जिना सावकाश, टप्प्याटप्प्यावर टेकत चढावा आणि परतताना बसने खाली यावं. पायी हिंडायच्या परदेश सहलीला जाणाऱ्या, साठीच्या आसपासच्या कोणालाही मला सांगायचं आहे ते एवढंच: आपली सहल चढणीवर बिघडत नाही, उतरणीवर बिघडते. तेव्हा तयारी उतरणीची करा. वाक्य छोटं आहे, पण ते पटायला थोडं गुडघ्यात आणि थोडं मांडीत डोकावावं लागतं.

चढण अवघड आणि उतरण सोपी ही समजूत आपल्या अंगात पुरती मुरलेली आहे. मुंबईच्या लोकल स्थानकांवर सरकता जिना एकच असेल तर तो बहुतेक वर नेणारा असतो. उतरणाऱ्याने पायऱ्यांनी उतरावं, असं गृहीतच धरलेलं. घरातही तेच. ‘आई, तू लिफ्टने वर ये, खाली जाताना हवं तर जिन्याने जा,’ असं मुलं काळजीपोटीच म्हणतात. सहलीचा टूर मॅनेजर माथ्यावर पोचल्यावर आनंदाने जाहीर करतो, ‘चला काका, चला काकू, झालं सगळं, आता फक्त उतरायचंय.’ आणि सहलीच्या पत्रकात रोजचं चालणं किलोमीटरमध्ये दिलेलं असतं, फार तर चढाई मीटरमध्ये. उतार किती, हे फार थोड्या पत्रकांत सापडतं. पुण्यात रोज सकाळी आठ किलोमीटर चालणारी व्यक्ती त्या पत्रकातला सात किलोमीटरचा आकडा पाहते आणि निर्धास्त होते. सात किलोमीटर सपाटीवरचे की दोन डोंगर चढून-उतरून, हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

आता गुडघ्यावर भार किती येतो ते पाहू. हे बाहेरून मोजणं कठीण, म्हणून बर्लिनच्या शारिते रुग्णालयातल्या संशोधकांनी एक वेगळा मार्ग काढला. कृत्रिम गुडघा बसवताना त्याच्या आतच भार मोजणारी उपकरणं ठेवली आणि पाच रुग्णांना रोजच्या हालचाली करायला सांगितलं. २०१० साली त्यांनी जे आकडे प्रसिद्ध केले त्यांनुसार सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सरासरी २.६ पट भार येतो, जिना चढताना ३.१६ पट, आणि उतरताना ३.४६ पट. म्हणजे ६० किलो वजनाच्या बाईंच्या गुडघ्यावर चालताना साधारण १५७, चढताना १९०, उतरताना २०८ किलो. त्यांनी मोजलेल्या रोजच्या हालचालींत सर्वांत मोठा आकडा उतरण्याचाच होता.

पण इथे थांबून प्रामाणिकपणे विचारायला हवं. १९० आणि २०८ यांत फरक आहे तो दहा टक्क्यांचाही नाही. सह्याद्रीत कधी हिंडलेल्या कोणालाही ठाऊक असतं की गड चढताना दम लागतो आणि उतरताना गुडघे बोलायला लागतात. ते काही या दहा टक्क्यांमुळे नाही. मग कशामुळे?

उत्तर गुडघ्यापेक्षा मांडीत जास्त आहे. मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वाटीवरून खाली नडगीच्या हाडाला जोडलेला असतो. पायरी चढताना तो आखडतो आणि शरीराला वर उचलतो. पायरी उतरताना त्याला उलटं काम करावं लागतं. वरच्या पायरीवरचा गुडघा हळूहळू वाकत जातो आणि सगळं शरीर खाली येऊ लागतं. ते धाडकन आपटू नये म्हणून हाच स्नायू त्याला आवरून धरतो. जोर तर लावायचा आहे, पण जोर लावतानाच लांबही होत जायचं आहे. ताणलं जात असताना जोर लावणं, हे स्नायूच्या सगळ्या कामांत सर्वांत झीज करणारं काम. त्यात त्याचे बारीक धागे जागोजागी उसवतात. हे उसवणं नैसर्गिक आहे, ते भरूनही येतं, पण भरून यायला दिवस लागतात.

या कामाचा दुसरा विशेष असा, की त्याला श्वास फार थोडा लागतो. अॅबट, बिगलंड आणि रिची या तीन शास्त्रज्ञांनी १९५२ साली याचा एक देखणा प्रयोग मांडला. दोन स्थिर सायकली पाठीला पाठ लावून ठेवल्या आणि एकाच साखळीने जोडल्या. एकाने नेहमीसारखं पायडल मारायचं, दुसऱ्याने आपल्याकडे येणाऱ्या पायडलला विरोध करायचा. दोघांच्या पायांत जोर सारखाच, पण विरोध करणाऱ्याला लागणारा प्राणवायू कितीतरी कमी. लंडनच्या रॉयल सोसायटीत हा प्रयोग करून दाखवला तेव्हा एका लहानखुऱ्या बाईने विरोध करत करत धिप्पाड पुरुषाला दमवलं आणि पाहणारे खूश झाले. जिना उतरणारा माणूस हा त्या दुसऱ्या सायकलवर बसलेला असतो.

म्हणूनच उतरण फसवते. चढण आपली किंमत रोखीने मागते: दम लागतो, छाती धडधडते, घाम फुटतो आणि माणूस आपोआप थांबतो. उतरण सगळं उधारीवर देते. उतरताना श्वास शांत असतो, गप्पा चालू असतात, फोटो निघत असतात. थांब म्हणून सांगणारं अंगात कोणीच नसतं. मागणी येते ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. मांड्या भरून येतात, पलंगावरून उठताना ‘आई गं’ होतं, कमोडवर बसताना भिंत धरावी लागते. ठणका साधारण चोवीस तासांनी जाणवायला लागतो आणि तीन दिवसांपर्यंत वाढू शकतो. एका दिवसाच्या सहलीत याने बिघडत नाही, घरी येऊन झोपता येतं. पण आठ दिवसांच्या सहलीत पहिल्याच दिवशी हौसेने सहाशे पायऱ्या उतरलेला माणूस तिसऱ्या दिवशी, सहलीचा सर्वांत सुंदर टप्पा असतो नेमक्या तेव्हा, हॉटेलच्या खोलीत बसून राहतो.

यात गुडघ्याचं नुकसान कुठे? उसवलेला स्नायू नुसता दुखत नाही, त्याचा जोरही घटतो, आणि तो उतरणीच्या शेवटापासूनच घटलेला असतो. जिन्याच्या तळाशी पोचल्यावर मांड्या लटपटतात ती याचीच खूण. शरीराला आवरून धरणारा स्नायू सैल पडला की पाऊल जरा धपकन पडतं, हादरा सांध्यापर्यंत जातो, आणि जो गुडघा आधीच झिजलेला आहे त्याला सूज येते. म्हणजे गुडघा सुजतो तेव्हाही बऱ्याचदा आधी दमलेली असते मांडी. जिन्यावरून पडणंही बहुतेक वेळा उतरतानाच घडतं. त्यातही सुरुवातीच्या आणि शेवटच्या एक-दोन पायऱ्या जास्त धोक्याच्या: सुरुवातीला नजर अजून समोरच्या देखाव्यात असते, शेवटी मन आधीच खाली पोचलेलं असतं.

चिंक्वे तेर्रेसारख्या ठिकाणी हे सगळं आणखी धारदार होतं, कारण तिथल्या पायऱ्या जिन्यासारख्या नाहीत. शतकानुशतकं तिथल्या शेतकऱ्यांनी समुद्रावर कोसळणाऱ्या डोंगराला चुना-मातीशिवाय नुसते दगड रचून बांध घातले आणि त्या पट्ट्यांवर द्राक्षं लावली. ही कोरड्या दगडी बांधकामाची कला युनेस्कोने २०१८ साली इटलीसह आठ देशांचा वारसा म्हणून नोंदवली. गावं आणि आजूबाजूचा डोंगर त्याआधीच, १९९७ साली, जागतिक वारसा यादीत आला होता. आज प्रवासी ज्या वाटांवरून चालतात त्या मुळात या बांधांवरून बांधांवर जायच्या वाटा. एक पायरी वीतभर, पुढची गुडघ्याएवढी, मध्येच दगड खचलेला, कठडा कुठे आहे, कुठे नाही. एकसारख्या पायऱ्यांवर पाय पहिल्या तीन-चार पावलांत उंची ओळखतो आणि पुढचं काम न पाहता करतो. इथे प्रत्येक पायरी नवी. तिथले शेतकरीही तोडलेली द्राक्षं आता पाठीवरून उतरवत नाहीत. दात असलेल्या एकेरी रुळावरून जाणारी छोटी गाडी त्यांनी उतारांवर बसवून घेतली आहे. जन्मभर तो डोंगर चढले-उतरलेल्या माणसांनी ओझं खाली आणायला यंत्र आणलं, हे पाहुण्यांनी ध्यानात घेण्यासारखं आहे.

मग करायचं काय? सगळ्यात आधी नकाशा उलटा धरून पाहायचा: कुठून कुठे जायचं हे ठरवण्यापूर्वी कुठे उतरायचं हे ठरवायचं. पाच गावांतल्या मोंतेरोस्सो ते वेर्नात्सा ही वाट साडेतीन किलोमीटरच्या आसपास. तिची मोंतेरोस्सोकडची बाजू खड्या पायऱ्यांची आहे, वेर्नात्साकडची त्या मानाने सोसवणारी. म्हणून मोंतेरोस्सोहून निघावं, खडी बाजू चढताना येऊ द्यावी. गर्दीच्या काही दिवसांत चिंक्वे तेर्रेचं राष्ट्रीय उद्यान ही वाट एकाच दिशेने खुली ठेवतं, तेव्हा निघण्यापूर्वी तेवढं पाहून घ्यावं. पुढची वाट वेर्नात्सा ते कोर्नीलिया. मध्ये प्रेव्हो नावाची वस्ती सुमारे दोनशे मीटर उंचीवर. वेर्नात्सा समुद्रालगत, कोर्नीलिया शंभर मीटरवर. तेव्हा वेर्नात्साहून आलात तर दोनशे मीटर चढता आणि शंभरच उतरता; उलट्या दिशेने आलात तर शंभर चढता आणि दोनशे उतरता. अंतर तेच, देखावा तोच, गुडघ्याच्या हिशेबात दुपटीचा फरक. आणि कोर्नीलियाला पोचल्यावर स्थानकावर जायला बस आहेच.

पाचांतल्याच मानारोलाच्या वरचं वोलास्त्रा हे गाव याचं आणखी ठळक उदाहरण. ते समुद्रापासून तीनशे मीटरहून उंच, द्राक्षमळ्यांमध्ये. मानारोलाहून तिथे बस जाते. लोक बसने वर जातात, मळ्यांतून फिरतात आणि मग मानारोलापर्यंत दगडी पायऱ्यांनी थेट खाली येतात. ‘सोपा पर्याय’ म्हणून याची शिफारसही होते. दम्याच्या माणसाला तो खरोखरच सोपा असेल. झिजलेल्या गुडघ्याला इतका अवघड पर्याय त्या किनाऱ्यावर क्वचितच असेल. त्याने कोर्नीलियाहून चढत वोलास्त्राला यावं, चर्चच्या आसपास सावलीत बसावं आणि खाली बसने जावं. उद्यानाच्या पासात वाटांबरोबर या गावांतल्या छोट्या बसही येतात. त्या वापरण्यात कमीपणा वाटायचं कारण नाही.

हे एका किनाऱ्याचं झालं. पण जिथे जाल तिथे सहल ठरवताना विचारायचे प्रश्न तेच राहतात. रोज एकूण किती मीटर उतार आहे? तो सलग आहे की तुटक? पायऱ्या आहेत की उतरती वाट? कठडा आहे का? मध्येच सोडून बस किंवा गाडी घेता येईल अशी जागा कुठे आहे? सहल कंपनीकडे याची उत्तरं नसतील तर त्यांच्याकडून त्या वाटेचं नाव घ्यावं. नकाशावर चढ-उताराची रेघ काढून देणारी साधनं आता प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेत. ‘मध्यम’ अशी श्रेणी पाहून पैसे भरू नयेत. मध्यम हे बहुधा दमाच्या दृष्टीने ठरवलेलं असतं.

आता घरच्या तयारीकडे. मला वाटतं खरी गंमत आणि खरा दिलासा इथे आहे. उतरणीने उसवलेला स्नायू भरून येतो तेव्हा तो आधीपेक्षा सावध होऊन भरून येतो. एकदा बेताने उतरण्याचा सराव झाला की पुढच्या वेळी तेवढ्याच उतरणीने दुखणं आणि जोर घटणं खूप कमी होतं. हे संरक्षण काही आठवडे टिकतं, आणि ते फक्त उतरूनच मिळतं. सपाटीवर कितीही चाला, सायकल कितीही मारा, पोहा. ते सगळं हृदयाला आणि एकूण तब्येतीला उत्तम, पण उतरणीची तयारी त्यात येत नाही. रोज आठ किलोमीटर चालणारे काका परदेशात दुसऱ्या दिवशी का लंगडतात, याचं उत्तर यात आहे. त्यांनी चालण्याची तयारी केली होती. उतरण्याची केलीच नव्हती.

म्हणून निघायच्या दोन-तीन महिने आधीपासून मुलांनी सुचवलेला घरचा शिरस्ताच, पण आता मुद्दाम सराव म्हणून, पाळावा. वर जाताना लिफ्ट, खाली येताना जिना. पहिल्या आठवड्यात एकच मजला, कठडा धरून, प्रत्येक पायरीवर पाऊल टेकवताना आवाज होणार नाही इतक्या सावकाश. मग दोन मजले, मग तीन. पुण्यात राहणाऱ्यांना पर्वती आहे; तिच्या रुंद, बसक्या पायऱ्या सुरुवातीला फार सोयीच्या, आणि पहाटे तिथे आपल्यासारखेच कितीतरी लोक असतात. जिना मुळीच झेपत नसेल तर चार बोटं उंचीच्या पाटावर एका पायाने उभं राहावं, दुसऱ्या पायाची टाच तीन आकडे मोजत हळूच जमिनीला टेकवावी आणि परत वर यावं. हात भिंतीला. गुडघा आतल्या बाजूला कलंडू न देता पावलाच्या रेषेत ठेवावा. हेही जड जात असेल तर त्याहून साधी सुरुवात आहे: खुर्चीत बसताना स्वतःला सोडून द्यायचं नाही. बसणं म्हणजेही उतरणंच आहे. पाच आकडे मोजत बसावं. दिवसातून आपण कितीतरी वेळा बसतो-उठतो, तो सगळा सराव फुकट मिळतो.

दुखलं तर? थोडं दुखेल, आणि त्या थोड्याला घाबरू नये. फिजिओथेरपिस्ट साधारण असं सांगतात की सराव करताना होणारं दुखणं सोसवण्याइतकं असेल आणि दुसऱ्या दिवसापर्यंत मूळ पातळीवर येत असेल तर चालू ठेवावं. त्यापुढे रेंगाळलं किंवा गुडघा सुजला तर सराव निम्मा करावा. निघण्याआधीच्या शेवटच्या आठवड्यात मात्र नवीन काही वाढवू नये. विमानात बसताना मांड्या ताज्या असलेल्या बऱ्या.

इथे एक अडसर मनाचा आहे. आपल्याकडे डॉक्टर किंवा शेजारी सांगतात, ‘गादी झिजली’, ‘ग्रीस संपलं’. हे ऐकलेला माणूस आपला गुडघा शिल्लक ठेवायला बघतो. वापरला तर उरलेलंही संपेल ही धास्ती. पण गुडघ्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं आणि तो द्रव तिच्यात खेळता राहतो तो भार येण्या-जाण्याने, म्हणजे हालचालीने. बसून जपलेला गुडघा जपला जात नाही. त्याच्याभोवतीची मांडी मात्र वाळते. तेव्हा प्रश्न गुडघा वापरावा की नाही हा नाही, किती आणि कसा वापरावा हा आहे. अर्थात गुडघा मध्येच अडकत असेल, अचानक दगा देत असेल, गरम होऊन सुजत असेल, किंवा सांधा बदललेला असेल, तर सरावाआधी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावं. वाटीमागचं दुखणं असलेल्या काहींना चढतानाही तेवढाच त्रास होतो. त्यांची सहल वेगळी आखावी लागेल.

प्रत्यक्ष उतरताना थोड्या गोष्टी पाळाव्या. एक गुडघा जास्त दुखरा असेल तर उतरताना तो पाय आधी खाली टाकावा, कारण आवरून धरायचं कष्टाचं काम वरच्या पायाला करावं लागतं आणि ते चांगल्या पायाने करावं. चढताना उलट: चांगला पाय आधी वर. खड्या जागी दोन्ही पाय एका पायरीवर आणूनच पुढची घ्यावी. पायरी फार उंच असली तर कडेने, तिरकं उतरावं. हाताशी कठडा असेल तर तो धरावाच. काठ्या, म्हणजे ट्रेकिंग पोल, शोभेच्या नाहीत: तीव्र उतारावर दोन काठ्यांनी गुडघ्यावरचा भार १२ ते २५ टक्क्यांनी घटतो असं १९९९ साली मोजून दाखवलेलं आहे. मात्र त्या आधी खाली टेकवायच्या, मग पाय; पाय टाकून झाल्यावर टेकवलेली काठी फक्त सोबतीला असते. उतरताना त्यांची लांबी थोडी वाढवावी. विमानात त्या मोठ्या बॅगेत टाकाव्या. आणि हे सगळं जाण्याआधी इथल्या टेकडीवर करून पाहावं. परक्या कड्यावर काठीशी पहिली ओळख होऊ नये.

चष्म्याकडे कोणी बघत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. साठीनंतर बहुतेकांचा चष्मा प्रोग्रेसिव्ह किंवा दुहेरी असतो. खालचा भाग वाचनाचा. जिना उतरताना आपण नेमके त्या खालच्या भागातून पायरी पाहतो आणि पायरीची कड अंधुक होते. अशा चष्म्यांनी घराबाहेर आणि जिन्यांवर पडण्याचा धोका वाढतो, हे अभ्यासांत दिसलं आहे. चालण्याच्या सहलीसाठी फक्त लांबचं दिसणारा साधा चष्मा करून घ्यावा. सगळ्या तयारीत स्वस्त पडणारी आणि लगेच फळणारी गोष्ट हीच.

वजनाचं थोडक्यात. गुडघेदुखी असलेल्या स्थूल, वयस्क लोकांच्या २००५ सालच्या एका अभ्यासात वजन एक किलो घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटला, असं आढळलं. तीन महिन्यांत दोन किलो उतरले तरी ते प्रत्येक पायरीवर जाणवतात. पाठीवरच्या पिशवीलाही वजन असतंच. छत्री, दोन बाटल्या, चिवडा, लाडवांचा डबा यांतलं काय हॉटेलवर राहू शकतं ते सकाळीच ठरवावं. नी-कॅपने आधार वाटतो, भार घटत नाही; वाटणाऱ्या आधारालाही किंमत आहे, तेव्हा हवी तर घालावी. बूट मात्र चांगले हवेत, तळ न घसरणारा. चिंक्वे तेर्रेच्या उद्यानाच्या वाटांवर चपला घालून जाणाऱ्याला दंड होऊ शकतो.

गोळ्यांबद्दल माझं मत कडक आहे. उतरायला सुरुवात करण्याआधी वेदनाशामक गोळी घेऊन निघणं म्हणजे जे थोडंफार अंग सांगू पाहतंय तेही बंद करणं. शिवाय रक्तदाब, मूत्रपिंड, जठर किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर या गोळ्या उन्हातान्हात, पाणी कमी पडलेल्या दिवशी महागात पडू शकतात. डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारून ठेवावं. गुडघ्यावर चोळायचं मलम त्या मानाने निर्धोक, आणि गुडघ्याला ते उपयोगीही पडतं.

समूहात चालताना आणखी एक अन्याय घडतो, आणि तो कोणाच्या लक्षात येत नाही. भरभर उतरणारे खाली जाऊन बसतात, पाणी पितात, मागच्यांची वाट पाहतात. मागून येणाऱ्या काकू पोचल्या की सगळे म्हणतात, ‘आल्या, चला निघू.’ ज्यांना सर्वांत जास्त विश्रांती हवी त्यांना ती मिळतच नाही. यावर सोपा तोडगा आहे: सावकाश उतरणाऱ्यांनी माथ्यावरून दहा मिनिटं आधी निघावं. हे पहिल्याच संध्याकाळी टूर मॅनेजरला सांगून ठेवावं, मोकळेपणाने, सर्वांसमोर. आपल्याकडच्या बायका विशेषतः हे सांगायचं टाळतात. इतरांचा खोळंबा नको म्हणून दुखत असूनही घाई करतात, किंवा ‘तुम्ही जाऊन या, मी बसते इथे’ म्हणून सोडून देतात. एवढे पैसे आणि एवढ्या वर्षांची इच्छा घेऊन आलेल्या बाईने दहा मिनिटांसाठी संकोच करावा, याचं मला खरंच वाईट वाटतं. ‘माझा गुडघा दुखतो, मी आधी निघते’ हे सांगायला एक क्षण लागतो.

हॉटेल निवडताना लिफ्ट आहे का, हे लेखी विचारावं. चिंक्वे तेर्रेसारख्या जुन्या गावांत घरं अरुंद आणि उभी असतात, खोली चौथ्या मजल्यावर आणि जिना दगडी असं सहज घडतं. न्हाणीघरात टब असेल तर त्याच्या काठावरून आत-बाहेर करणं हीही एक उंच, ओली पायरी आहे. नुसता शॉवर असलेली खोली मागावी.

आणि रोज सकाळी निर्णय नव्याने घ्यावा. हॉटेलचा जिना, कठडा धरून, दहा पायऱ्या उतरून पाहावा. मांडी नुसती भरलेली असेल, दुखणं दोन्ही पायांना सारखं आणि स्नायूत असेल, तर चालल्याने ते मोकळं होतं. त्या दिवशी सपाटीचा मार्ग घ्यावा. गुडघ्याचा सांधाच सुजला असेल, एकाच बाजूला टोचत असेल, तर तो दिवस चालण्याचा नाही. पोटरी एकाच पायाची सुजून दुखत असेल, तेही लांबच्या विमानप्रवासानंतर, तर लगेच डॉक्टर गाठावा. आत रक्ताची गाठ झालेली असू शकते. चिंक्वे तेर्रेत अशा सकाळींसाठी सोय भरपूर आहे. गावांना जोडणारी गाडी बोगद्यांतून काही मिनिटांत पुढच्या गावी नेते. २०१२ च्या दरड कोसळण्यानंतर बंद पडलेली आणि २०२४ साली पुन्हा उघडलेली रिओमाज्जोरे ते मानारोला ही कड्यालगतची वाट एक किलोमीटरहूनही कमी आणि जवळजवळ सपाट आहे. तिला वेळ आधी नोंदवावी लागते. समुद्र शांत असेल तर बोटीही चालतात, कोर्नीलिया सोडून बाकी चारही गावांना. बोटीत चढायची फळी अरुंद आणि हलती असते. काठ्या मिटवून एका हातात घ्याव्या आणि दुसरा हात खलाशाला द्यावा, तो त्यासाठीच तिथे उभा असतो.